गव्हर्नरचा नमदा

पहिलेच सांगून टाकतो साहेब, फोनवर मी तुमच्याशी खोटं बोललो. मोटर विकायची नाही. जालन्याहून एसटीत उभ्यानं आले तुम्ही, राग येणारच. पण बसा. जुन्या ग्रामोफोनच्या मोटरीचे अस्सल नमदे तुमच्यापाशी हायत हे कळलं, अन् मोटर दाखवतो म्हटल्याशिवाय तुम्ही ते घेऊन इथवर आलेच नसते. आणले न? त्या डबीत हायत? मग झालं. डबी टेबलावर राहू द्या, माझ्या हातापाशी.

अन् ग्रामोफोनच्या त्या थाळीले बोट लावू नका. हाव, तीच ती. फिरू द्या तिले.

पाणी घ्या. रुक्मी, साहेबांले पेला दे बाई अन् जाय आत, गृहपाठासारखं काहीतरी लिहीत बस. नाही, शेजाऱ्याची नाही, माझी नात हाय. माझ्या संजीवनीची पोट्टी. संजीवनी म्हणजे माझी एकुलती एक लेक, ती बाजारात गेली, दिवेलागणीले येईल. किती वर्षांची वाटते तुम्हाले रुक्मी? सात? बरं. सात धरा सध्या.

मी शेषराव. मूळचा इथला नाही, बोलण्यावरून कळलंच असंल तुम्हाले. देऊळगाव राजाले येऊन अडीच महिने झाले. त्याच्या आधी बुलढाण्याजवळ देऊळघाटले तीस वर्षं माझं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटरी भरायचो. जळालेली तार उपटायची, नवी तार घालायची, वार्निश मारायचं, की झाली मोटर. फुशारकी नाही मारत, पण पंचक्रोशीत कोणाची मोटर अडली का लोक म्हणत, शेषरावकडं ने, मेलेली उठवते तो. मलेही ते ऐकायले गोड वाटायचं. आता नाही वाटत.

मागच्या श्रावणातली गोष्ट हाय. संजीवनी माहेरी आलती, सहावा महिना लागलेला. लग्नाले सहा वर्षं झालती तिच्या, अन् दोनदा पोटातलं गेलं होतं. एकदा चौथ्यात, एकदा पाचव्यात. दुसऱ्या वेळी सासूनं तोंडावर सांगतलं का आता तिसऱ्यांदा असं झालं तर परत येऊ नको. जावई मान खाली घालून उभा राह्यला. म्हणून मीच तिले घेऊन आलो. माझी बायको रुक्मिणी जाऊन आठ वर्षं झाली, घरात आम्ही दोघंच. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं, हिनं वाकायचं नाही, उचलायचं नाही, पडून राहायचं.

पण पडून राहायची जात नाही आमची. बचत गटाकडून तिनं अंडी उबवायचं मशीन घेतलं होतं, कपाटाएवढं. मधल्या खोलीत ते ठेवलं, बाजूलेच तिची बाज. तीनशे अंडी मांडली. अन् तिसऱ्याच दिवशी ट्रे फिरवायची मोटर जळाली.

अंडी नुसती गरम ठेवून चालत नाही साहेब. कोंबडी कशी चोचीनं अंडं फिरवत राहते, तसं मशीनले करावं लागते. दर दोन तासांनी ट्रे एकीकडून दुसरीकडं कलला पायजे. नाही कलला तं आतला जीव कवचाले चिकटते अन् मरते. त्या मशीनची मोटर अकोल्याहून यायले आठ दिवस लागणार होते. मी दुकानातून घरी येऊन पाहतो तं ही पोट्टी ओणवी होऊन हातानं ट्रे कलवत होती. एका हातानं ट्रे, एका हातानं पोट धरलेलं.

मी ओरडलो तिच्यावर. कधी ओरडत नाही मी.

ती म्हणे, "बाबा, चार दिवस झाले पोटात हालचाल नाही. नुसतं पडून राह्यलं का तेच ऐकत बसतो जीव. हे फिरवलं का बरं वाटते."

तिले तसंच उठवलं. डॉक्टरीणबाईकडं नेलं, त्या म्हणाल्या ठोके हायत, पण मंद हायत, वाट पाहा. वाट पाहा म्हणजे काय, हे आम्हाले दोनदा माहीत झालेलं. मी ठरवलं का काही झालं तरी हिले वाकू द्यायचं नाही. आजच्या आज मोटर लावायची, कुठून का मिळेना.

बुलढाण्याले रमाकांतकाका म्हणून होते, कोर्टातले रिटायर कारकून. एकटेच राहत, बायको वारलेली. त्यांचा पंखा माझ्याकडं भरायले आलता, तो द्यायले गेलो. सहज विचारलं, घरात एखादी जुनी मोटर पडली हाय का, हळू फिरणारी. लेकीच्या अंड्यांच्या मशीनले पायजे. त्यांनी आधी पंख्याची वायर गुंडाळून ठेवली. मग माळ्याकडं बोट केलं.

"एक पेटी आहे वर. चालत नाही ती. न्यायची तर न्या."

मीच चढलो. माझ्याकरता खुर्ची त्यांनी पायानं पुढं सरकवली अन् स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राह्यले. पेटी खाली आणून झाकण उचललं तं वास आला. जुन्या तेलाचा नाही, तेलाचा वास मी ओळखतो. लहान लेकराच्या टाळूले लावलेल्या तेलाचा असते न, वेखंडासंग, तसा. मनात म्हटलं, कपडे ठेवले असतील कधी. भिंतीवर हार घातलेला एक फोटो होता, पांढऱ्या केसांचा म्हातारा, गालफडं बसलेली, पाटावर मांडी घालून बसलेला. त्यांचे वडील असतील समजून मी जाता जाता त्याले नमस्कारही केला.

तुम्ही या धंद्यातले, तुम्हाले काय सांगायचं. पण ग्रामोफोनची विजेची मोटर ओळखायले प्लेट वाचायची गरज पडत नाही. बाकी मोटरी जोरासाठी केलेल्या असतात, ही एकसारखं फिरण्यासाठी केलेली. आडव्या दांड्यावर तीन पितळी वजनं, पातळ पट्ट्यांनी धरलेली. थाळी जोरात फिरली का वजनं बाहेर फेकली जातात, त्यांच्यासंग एक चकती सरकते, अन् ती चकती नमद्यावर घासते. नमदा म्हणजे काय, दाबलेल्या लोकरीचा नखाएवढा तुकडा. त्या तुकड्यावर सारा कारभार. त्यानं स्पीड आवरलं तं मिनिटाले अठ्ठ्याहत्तर फेरे, कमी नाही, जास्त नाही. त्या साऱ्याले गव्हर्नर म्हणतात. चांगली धिमी मोटर, आवाज नाही, तापत नाही. माझं काम होणार होतं.

दुकानात उघडली. कॉईल शाबूत, कार्बन शाबूत, तरी दांडा जाम. पाहतो तं गव्हर्नरमध्ये नमद्याच्या जागी कापड कोंबलेलं. हिरवं सुती कापड, पातळाचा तुकडा असंल, चार घड्या घालून सुईदोऱ्यानं शिवलेला. टाके बारीक, बाईच्या हातचे. कोण्या अडाण्यानं केलं म्हणून मी हसलो. चिमट्यानं उपटलं अन् वार्निशच्या चिंध्यांसंग शेगडीत टाकलं. तीस वर्षांची सवय हाय माझी, दुसऱ्यानं केलेला जुगाड मी मोटरीत ठेवत नाही. माझ्या घोंगडीचा तुकडा कापला, तेलात बुडवला, बसवला. एकशे दहा व्होल्टची मोटर, म्हणून मधात शंभराचा बल्ब जोडला, म्हणजे जास्तीची वीज बल्ब खाते. बटन दाबलं. बल्ब पेटला अन् थाळी फिरायले लागली, जशी कधी थांबलीच नव्हती.

पंख्याची मान डोलवणारा गिअर तिच्या दांड्याले लावला अन् गिअरची दांडी ट्रेले. रात्र व्हायच्या आत काम फत्ते. मी हात पुसत होतो, तेवढ्यात बाजेवरून संजीवनी म्हणाली, "बाबा, हाललं."

"काय हाललं?"

"पोटात. आत्ता... एकदम. फिरून राह्यलं."

रडलो मी साहेब. त्या मशीनपाशी उभा राहून हमसून हमसून रडलो. लेकरू हाललं अन् मले वाटलं, मीच काहीतरी पुण्याचं काम केलं.

पाच-सहा दिवस सुखाचे गेले. मग एका दुपारी, तीनचा सुमार असंल, लाईट गेली. लोडशेडिंगचं टाइमटेबल आम्हाले पाठ असते, त्यात नवल नाही. मी जेवून आडवा झालतो. उठलो, म्हटलं ट्रे हातानं कलवून घेऊ. मधल्या खोलीची खिडकी अंड्यांसाठी पोत्यानं बंद केलेली, आत अंधार, कोंदट, अंड्यांचा गरम वास. मशीनचा दिवा बंद. शंभराचा बल्ब बंद. हात लावून पाह्यला, काच थंड होऊन राह्यली होती.

थाळी फिरत होती.

मले वाटलं, आधीच्या जोरावर फिरत असंल, थांबंल. उभा राह्यलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. थाळीच्या काठावर मी खडूची खूण केली होती, ती डोळ्यासमोरून जायची अन् परत यायची. मी पिन काढली भिंतीतून. वायर हातात धरून उभा, अन् थाळी आपली फिरतेच हाय. अंगावर काटा आला, पण मी मेकॅनिक माणूस, मले रागही आला. मोटरीनं माझं ऐकलं नाही असं कधी झालं नव्हतं. अंगठा लावला काठाले अन् दाबला.

थाळी थांबली. अंगठ्याखाली ती ओढत होती, लहान लेकरू बोट धरून ओढते न, तितक्याच जोरानं.

"बाबा..." संजीवनी अंधारातून बोलली. मले वाटलं ती झोपली. "बाबा, थांबलं."

"काय?"

"पोटातलं थांबलं. एकदम थांबलं... बाबा, काय केलं तुम्ही?"

मी अंगठा उचलला.

थाळी फिरली. अन् बाजेवरून तिचा श्वास सुटल्याचा आवाज आला. "हाललं," ती म्हणाली. मी पिन परत भिंतीत लावून ठेवली. कायले लावली, मलेच माहीत नाही. तेव्हापासून तशीच लावलेली असते, जिथं जातो तिथं. मनाले बरं वाटते.

अंडी एकविसाव्या दिवशी फुटतात. आमची बाराव्या दिवशी फुटली, तीनशेच्या तीनशे. असं होत नसते साहेब, शंभरातली वीस तरी खराब निघतात. पिल्लं पंधरा दिवसांत कोंबडे झाली. महिन्याच्या आत पिसं गळाली, पाय वाकडे झाले, अन् एकेक करून कोपऱ्यात बसून मेली. रोग नव्हता त्यांले. जनावरांचा डॉक्टर म्हणे, एवढे म्हातारे कोंबडे कायले पाळता.

मी त्याच दिवशी बुलढाण्याची गाडी धरली.

रमाकांतकाका दारातच उभे होते. मले पाहून चेहरा पडला त्यांचा.

"गव्हर्नर उघडलात?"

"उघडल्याशिवाय चालणार कशी?"

"आत कापड होतं."

"होतं. फेकलं मी. जाळलं."

ते भिंत धरून खाली बसले. "शारदाच्या पातळाचं होतं ते," म्हणाले. शारदा म्हणजे त्यांची बायको. "ते आत होतं म्हणून तर दिली तुम्हाला. वाटलं, ती काही चालणार नाही, दोन दिवसांनी भंगारात टाकाल. माझ्या हातानं टाकवत नव्हती, शेषराव. तुम्ही अंड्यांसाठी म्हणालात... घरात दिवस गेलेलं कोणी आहे, हे बोलला नाहीत."

मी नव्हतं बोललो. लेकीच्या पोटाचं परक्या माणसापुढं कोण बोलते.

त्यांनी मग सांगतलं, तुटक तुटक. त्यांचीही लेकरं राहत नव्हती. शारदाबाई बाजेवर पडून, उशाशी वडिलांच्या वेळचा ग्रामोफोन. एकदा गाणं संपलं, थाळी तशीच चालू राह्यली, अन् पोटातलं हाललं. मग त्यांनी ती थांबवलीच नाही. लेकरू झालं. पण नमदा झिजत गेला, थाळीचं स्पीड वाढत गेलं.

"आणि थाळीबरोबर तोही," काका म्हणाले. "तो फोटो कोणाचा समजलात तुम्ही? नमस्कार केलात ना त्याला."

"तुमच्या वडिलांचा."

"आल्हाद आहे तो. आमचा मुलगा. तिथं तो तीन वर्षांचा आहे."

मी फोटोकडं पाह्यलं. पांढरे केस, बसलेली गालफडं. मांडीखालचा पाट लेकराचा होता, रंगीत, बदकं काढलेला. आधी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"गती कमी व्हावी म्हणून शारदानं कापड शिवून बसवलं. तिला काय कळत होतं त्यातलं, आणि मलाही काय कळत होतं. कापड दाटलं. थाळी थांबली." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याले पुसला. "तो जेवायला बसला होता. घास तोंडातच होता."

निघताना त्यांनी माझा हात धरला. थंड हात. म्हणाले, "घोंगडी-बिंगडी चालायची नाही. अस्सल नमदा शोधा. आणि काही झालं तरी थांबवू नका."

दसऱ्याच्या आठ दिवस आधी संजीवनी बाळंत झाली. दिवसांच्या हिशोबानं साडेसात महिने, पण पोरगी तीन किलोची, पुऱ्या दिवसांची, डोक्यावर दाट जावळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तारखा चुकल्या असतील तुमच्या. आम्ही मान डोलावली. माझ्या बायकोच्या नावावरून तिले रुक्मी म्हटलं. सासरहून सासू आली, कुंची घेऊन आली, तिनं लेकराचा मुका घेतला. संजीवनी एवढी हसली त्या दिवशी. मी ते हसणं पाह्यलं साहेब, अन् जे मले माहीत होतं त्यातलं अर्धंच तिले सांगतलं. थाळी थांबवायची नाही एवढंच. बाकीचं तिले आपोआप कळत गेलं, आईच ती.

येत्या दसऱ्याले, इथल्या बालाजीच्या यात्रेत, रुक्मी एक वर्षाची होईल.

हाव. एक. तुम्ही सात म्हटलं मघाशी.

नमदा मी दोनदा बदलला. चालत्या मोटरीवर बदलायचा म्हणजे जुना काढला अन् नवा बसेपर्यंत गव्हर्नर मोकळा, थाळी सुसाट सुटते. अन् नवा जरा घट्ट बसला तं थांबते, ते काकांच्या घरी झालं. पहिल्यांदा टोपीचा तुकडा लावला. रुक्मी पाळण्यात होती, तीन महिन्यांची. स्क्रू सापडेना, मिनिटभर गेलं. वळून पाहतो तं ती पाळण्याची दोरी धरून उभी, तोंडात वर खाली दात, अन् मले 'आबा' म्हणाली. दुसऱ्यांदा शाळेच्या डस्टरचा लावला, जून महिन्यात. तेव्हा दोन मिनिटं लागली. संजीवनी तिची वेणी घालत होती. ती सांगते, बाबा, केस माझ्या बोटांतून वाहत होते, मानेपासून कमरेपर्यंत... मी धरून ठेवत होती अन् ते येतच होते.

गावातल्या बायका विचारायले लागल्या. मग देऊळघाट सोडलं. सासरी सांगतलं, कामासाठी चाललो. इथं आलो तेव्हा रुक्मी चार-साडेचारची दिसे. आता समोरची सिंधूताई रोज तिच्या फ्रॉककडं पाहते, शिवण उसवून किती खाली सोडली ते मोजते. ही जागाही सोडावी लागंल.

काल तिचा दुधाचा दात पडला. नवा लवकर यावा म्हणून पडलेला दात कौलावर फेकतात न आपल्यात. ती मले ओढत अंगणात घेऊन गेली, आबा फेका, आबा फेका. मी फेकल्यासारखं केलं. दात माझ्या खिशात हाय, हा पाहा. लवकर नको मले. काहीच लवकर नको.

तुम्ही म्हणाल, मिनिटाचे सात-आठ फेरे वाढले तं वर्षांची वर्षं कशी जातात, हिशोब जुळत नाही. नाहीच जुळत. मीही रात्र रात्र मांडून पाह्यला. सकाळी मोजले तेव्हा शहाऐंशी फेरे होते. अन् तो आवाज... तुम्ही आल्यापासून ऐकून राह्यले न? मघाशी तुम्ही कान खाजवला, मी पाह्यलं. बारीक, चरचर. नमदा संपत आला का धातू कडेले लागते. म्हणून तुम्हाले आजच बोलावलं. खोटं बोलून बोलावलं, त्याची माफी मागतो.

आता ऐका. डबी उघडतो. मी जुना काढणार नाही, त्याचा उरला थर तसाच ठेवून अस्सल नमदा बाजूनं सरकवणार. चकती पुरती सुटायच्या आत नवा टेकला पायजे. पाच सेकंदांचं काम हाय. तुम्ही फक्त टेबल धरा, हलू देऊ नका. अन् माझा हात चुकला तं बोला, लाजू नका.

लाईट गेली. जाऊ द्या. तिले लाईटचं काही नाही, पाहा, बल्ब विझला तरी फिरतेच हाय. तुमच्या मोबाइलचा उजेड इकडं धरा. थोडा खाली. अस्सं.

...

चरचर थांबली.

नाही, मी अजून हात लावला नाही. हे काय पडलं... उजेड धरा. नमदा हाय. माझाच, डस्टरचा. गळून पडला आपोआप. साहेब, थाळी पाहा. खडूची खूण दिसते का तुम्हाले? मले दिसत नाही. नुसतं पांढरं कडं दिसून राह्यलं...

डबी. डबी कुठं गेली? तुमच्या हातून सांडली का... असू द्या, असू द्या, खाली बसा, चाचपा. फरशीवरच असतील. एक तरी सापडंल.

"आबा... लाईट गेली का?"

ऐकलं? आतून. आवाज मोठ्या बाईचा हाय न... हाव, मलेही तसंच वाटलं. संजीवनी मागच्या दारानं आली असंल, असं म्हणता? या घराले मागचं दार नाही. अन् संजीवनी... ती पाहा रस्त्यापलीकडं. एसटीच्या उजेडात, पिशवी घेऊन. सिंधूताईशी बोलत उभी हाय.

साहेब, तुम्ही उठा. बाहेर जा अन् तिले बोलण्यात लावा. काहीही विचारा, रस्ता विचारा, भाजीचा भाव विचारा, पण आत येऊ देऊ नका. मी शोधतो. सापडला, एक सापडला... बसवतो मी, पाच सेकंद द्या मले.

जा न. काऊन उभे राह्यले? मलेही ऐकू येते. खोकून राह्यली ती, म्हाताऱ्या माणसाचा खोकला. मले ऐकू येते, साहेब... तुम्ही दार ओढून घ्या.